न पुसलेला डबा

आमच्याकडे कुणाचा डबा रिकामा परत देत नाहीत. शेजारणीनं थालीपीठ पाठवलं तर तिच्या डब्यात चार शेंगदाण्याचे लाडू, तेही नसले तर निदान मूठभर साखर घालूनच तो माघारी जायचा. आईनं आम्हा दोघी बहिणींना हे इतकं पक्कं शिकवलं की तिचा नाव घातलेला पितळी कडीचा स्टीलचा डबा तिच्या माघारीही आमच्या दोघींत फिरत राहिला. दिवाळीला मी चकल्या भरून पाठवायच्या, संक्रांतीला अक्कानं त्यातून तिळाच्या पोळ्या धाडायच्या.

नोकरीत मात्र माझा सगळा जन्म याच्या बरोबर उलट करण्यात गेला. डबा परत आला की तो रिकामा करायचा, पुसायचा आणि मगच दुसऱ्याला द्यायचा. एवढ्याच कामाला पगार देतात हे ऐकून आमचे दूधवाले रंगराव किटली हातात धरून बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले होते. "म्हंजे काकू, तुमी भांडी घासायच्या कंपनीत हुता?" असं त्यांनी शेवटी विचारलं. मी हो म्हणून टाकलं, कारण ते फारसं खोटं नव्हतं.

आता जरा नीट सांगते. तुमच्या पडद्यावर जे काही दिसतं, मग तो सिनेमा असो की नातवाचा फोटो, ते दिसण्याआधी मेमरीत कुठंतरी मांडून ठेवावं लागतं. त्या जागेला आम्ही बफर म्हणतो. मी डबाच म्हणते. ब्राउझर, व्हिडिओ, गेम असे सगळे प्रोग्रॅम डबे मागायला येतात. डबे वाटायची खिडकी ऑपरेटिंग सिस्टिमच्या पोटात असते, त्या पोटाला कर्नल म्हणतात आणि खिडकीत बसणाऱ्याला ड्रायव्हर. मी हे ड्रायव्हर लिहायचे. कुणाला केवढा डबा हवाय, आत्ता तो कुणाकुणाच्या हातात आहे, सगळ्यांनी सोडला का, सोडला असेल तर पुसून परत फळीवर. आयुष्यभर हेच केलं, आधी पुण्यात ऑफिसात बसून आणि नंतर आई-अण्णांच्या दुखण्यामुळं राजारामपुरीतल्या या फ्लॅटच्या मागच्या खोलीत बसून. सोसायटीला एवढंच कळलं की चौगुलेकाकू कम्प्युटरमधल्या आहेत. त्यामुळे बंद पडलेले प्रिंटर अजून माझ्याच दारात येतात. मला प्रिंटरमधलं ओ की ठो कळत नाही.

या धंद्यात एक खोड आहे, ती सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. डबा पुसायला वेळ लागतो. अगदी डोळ्याचं पातं लवेल त्याहून कमी, पण डबे इतके फिरतात की सगळे पुसत बसलं तर सिनेमा अडखळतो, गेम अडखळतो, आणि गिऱ्हाईक बोंब मारतं. म्हणून ड्रायव्हर लिहिणारे लोक नुकते परत आलेले डबे न पुसताच हाताशी ठेवतात. त्याच मापाचा कुणी मागितला की लगेच पुढे करतात. घेणारा वरून भरणारच आहे, मग पुसायचं कशाला, असा हिशेब. त्यातही नियम असा की ज्याचा डबा होता त्यालाच पुन्हा द्यायचा असेल तर न पुसता चालेल, परक्याला द्यायचा असेल तर पुसल्याशिवाय नाही. हा दुसरा अर्धा नियम विसरणारे महाभाग जगात सगळीकडे आहेत.

त्यांचा पहिला हिसका मला नोकरीच्या सुरुवातीलाच बसला. पुण्याला आमचे एक वरिष्ठ होते, भयंकर कडक. कुणी चहाला जास्त वेळ गेलं तरी घड्याळ दाखवायचे. दुपारी जेवण झालं की ते टेस्टिंगच्या मशीनवर काहीतरी करत बसत. एकदा ते उठल्यावर मी त्या मशीनवर माझी चाचणी लावली, तर पडद्यावर बारीक बारीक चौकोनांचा काला आला. त्यात कुठं लाल बदाम, कुठं राणीचा अर्धा मुकुट. चिप चित्र ओळीनं ठेवत नाही, लहान चौकोन पाडून ठेवते, आणि दुसऱ्या कुणी ते सरळ ओळीनं वाचलं की असा काला होतो. मी ते चौकोन जागच्या जागी लावून बघितले. साहेब दुपारभर पत्ते खेळत होते. मी कुणाला बोलले नाही, पण त्यानंतर त्यांच्या घड्याळाची मला कधी भीती वाटली नाही.

निवृत्त झाल्यावरचं पहिलं गिऱ्हाईक म्हणजे एका मंगल कार्यालयाचे मालक. त्यांच्या मोठ्या पडद्यावर आजच्या नवरीशेजारी कालच्या लग्नातला नवरा दिसला होता, तोही अर्धाच. मालक घाम पुसत सांगत होते, "मॅडम, पोरीचा बाप माज्या अंगावर आला न्हवं. म्हणला, ह्यो कोण टिकोजी आमच्या पोरीच्या बाजूला उभा केलाय? मी काय सांगू? कालचा हाय म्हणून सांगू?" दोन्हीकडची मंडळी हसली म्हणून निभावलं. मीही पोट धरून हसले होते. न पुसलेल्या डब्याची ती माझी शेवटची गमतीची गोष्ट.

यानंतरची गोष्ट रंगरावांच्या स्वातीची.

रंगराव शिवाजी पेठेतले. मोठा आवाज, पेठेतल्या तालमीच्या संघाचा फुटबॉलचा सामना असला की दुधाला हमखास उशीर, आणि त्याबद्दल वर आपल्यालाच स्कोअर सांगणार. त्या दिवशी ते वेळेवर आले, दूध ओतलं आणि दारातच उभे राहिले. मी विचारलं, "काय झालं?"

"आमच्या स्वातीवर कॉपीचा आळ आलाय, काकू."

त्यांचा आवाज इतका खाली गेलेला मी कधी ऐकला नव्हता. स्वाती म्हणजे त्यांची एकुलती एक मुलगी. पदवी झालेली, पहाटे बापाबरोबर दुधाच्या फेऱ्या करून मग अभ्यासाला बसणारी. तिनं सरकारी भरतीची परीक्षा दिली होती, कम्प्युटरवर. आता चौकशीची नोटीस आली होती. कॉपी सिद्ध झाली तर काही वर्षं कुठल्याच भरतीला बसता येणार नव्हतं, आणि तेवढ्यात तिची वयाची अट निघून जाणार होती. म्हणजे कायमचंच.

मी म्हटलं, तिला घेऊन या. ती दुपारी आली. मी आडपडदा ठेवत नाही. "केलीस का कॉपी?" असं सरळ विचारलं.

"न्हाय."

"मोबाइल, चिठ्ठी, शेजारच्याचं बघणं, काहीही?"

"काकू, न्हाय म्हटलं की न्हाय." तिनं नजर हलवली नाही. "पेपर चालू झाला तवा पडद्यावर क्षणभर मुंग्यांसारखं कायतरी आलं आणि गेलं. मला वाटलं मशीन जुनं हाय. त्याचाच फोटो पडलाय म्हणं."

हे असं असतं. परीक्षेचं सॉफ्टवेअर अधूनमधून आपोआप प्रत्येकाच्या पडद्याचा फोटो काढतं, कुणी दुसरं काही उघडलं तर सापडावं म्हणून. स्वातीच्या पहिल्याच फोटोत वरच्या अर्ध्यात परीक्षेची खिडकी होती आणि खालच्या अर्ध्यात भलतंच काहीतरी. नोटिशीत म्हटलं होतं की उमेदवारानं परीक्षा चालू असताना अनधिकृत मजकूर उघडला. त्या फोटोची प्रत सोबत जोडलेली होती.

मी चष्मा लावला, प्रत उजेडात धरली आणि मोठ्यानं हसले. बापलेक माझ्याकडे दचकून बघायला लागले. खालच्या अर्ध्यात चौकोनांचा काला होता. अगदी तसाच, साहेबांच्या त्या लाल बदामाच्या राणीसारखा. कुठल्याही जिवंत प्रोग्रॅमनं उघडलेली गोष्ट अशी दिसूच शकत नाही. हा न पुसलेला डबा होता. परीक्षेच्या सॉफ्टवेअरनं नवा डबा मागितला, ड्रायव्हरनं कुणाचा तरी उष्टा डबा तसाच पुढे केला, आणि सॉफ्टवेअरनं तो पुरता भरायच्या आतच फोटो काढला. पोरीनं बोटसुद्धा लावलं नव्हतं.

"सुटलीस," मी म्हटलं. "ह्यात तुझं काही नाही. तुझ्याआधी त्या मशीनवर जो बसला होता, त्याचं हे उरलेलं आहे."

रंगरावांनी मटकन खुर्चीत बसून तोंडावरून हात फिरवला. स्वाती मात्र विचारती झाली, "पण काकू, माज्या आधी कोण बसलं हुतं? आमचीच पहिली बॅच हुती की."

मला तेव्हाच थांबायला हवं होतं असं नाही, पण मी त्या प्रश्नाकडे फार लक्ष दिलं नाही एवढं खरं. मी आनंदात होते, कारण परीक्षेचं केंद्र दुसऱ्या कुणाचं नाही, माझ्या भाच्याचं होतं. अक्काचा मुलगा अभिजित. शाहूपुरीत त्याचं कम्प्युटरचं मोठं सेंटर आहे, म्हणजे होतं. मला मूलबाळ नाही, लग्नही केलं नाही. अभि सुट्टीला माझ्याकडेच असायचा, की-बोर्डवरची पहिली अक्षरं माझ्या मांडीवर बसून शिकला. सेंटरच्या उद्घाटनाला समईची पहिली वात त्यानं माझ्या हातून लावून घेतली होती. म्हटलं, मशीन बघायला मिळेल, काम सोपं झालं.

अभिनं नेहमीसारखं स्वागत केलं. "मावशी, बस की. च्या सांगू का कॉफी? कशाला त्या भानगडीत पडतीस पण?" मी म्हटलं, पोरगी आपल्या दूधवाल्यांची आहे, आणि मशीन तुझं खोटं बोलतंय. तो हसला. "बघ की निवांत. तुझंच सेंटर हाय." मी मशीन तपासलं. चिप स्वस्तातली, ड्रायव्हर जुना, आणि परक्याला देताना पुसायचा नियम त्यात चक्क नव्हता. तो ड्रायव्हर माझा नव्हता हे आधीच सांगून टाकते. असता तर हे लिहायला हात धजला नसता.

निघताना मी सहज विचारलं, परीक्षेच्या सकाळी या मशीनवर कुणी बसलं होतं का? अभि म्हणाला, "छे. सकाळी मशीन चालू करायची, दाराला कुलूप लावायचं. पोरं येईपर्यंत कुणी आत जात न्हाय. नियमच हाय तसा." तोंडात माझ्याच हातची, दिवाळीतली उरलेली शंकरपाळी होती त्याच्या. टेबलावर बरणी ठेवलेली असायची.

स्वातीनं चौकशीच्या साहेबांकडे अर्ज करून मूळ फोटो मागून घेतला. कागदावरच्या प्रतीवर काम करता येत नाही. तो फोटो आला त्या दुपारी बापलेक माझ्या जेवणाच्या टेबलाशी बसले होते. त्या चिपचे चौकोन कोणत्या मापाचे असतात आणि कोणत्या क्रमानं ठेवले जातात हे माहीत असलं की चित्र पुन्हा लावता येतं. छोटा प्रोग्रॅम लिहिला. पहिल्यांदा माप चुकलं, काला आणखी वाढला. रंगराव म्हणाले, "ह्ये कायतरी उलटंच झालं की वो." मी त्यांना गप्प बसवलं, माप बदललं आणि पुन्हा चालवला.

चित्र लागलं. खालचा अर्धा पडदा स्वच्छ दिसायला लागला. डावीकडे एका फाइलची खिडकी, त्यात मराठी मजकूर. खालीलपैकी कोणती नदी पंचगंगेला मिळत नाही, आणि खाली चार पर्याय. त्याच्याखाली आणखी एक प्रश्न, अर्धा कापलेला.

स्वाती खुर्चीवरून उठली. "काकू, ह्यो माझ्या पेपरातला प्रश्न हाय. पुढचा पण. ह्या दोन्ही प्रश्नांची मी उत्तरं दिल्यात."

"मग तूच उघडलेली परीक्षेची खिडकी असेल ही," मी म्हटलं.

"न्हाय. आमाला एका वेळी एकच प्रश्न दिसतो. ही सगळी फाइल हाय." मग तिनं पडद्याच्या खालच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. तिथं घड्याळ होतं. स्वातीला आत सोडायच्या कितीतरी आधीची, भल्या सकाळची वेळ. कुलूप लावलेल्या खोलीतली.

परीक्षेचा पेपर परीक्षेच्या आधी कुणीतरी उघडला होता. मला हे कळत होतं, पण पुरतं डोक्यात शिरत नव्हतं. मी स्वतःला सांगत होते की सेंटरचा एखादा नोकर असेल, अभिला सांगायला हवं, तो हादरेल बिचारा. तेवढ्यात स्वाती हळूच म्हणाली, "काकू, ही तुमची साडी हाय न्हवं?"

खिडकीच्या उजवीकडे मोकळा पडदा होता आणि त्यावर मागचं चित्र दिसत होतं, आपण कम्प्युटरवर आपल्या आवडीचा फोटो लावतो ते. रांगोळीचा तुकडा, समईची बैठक, आणि मोहरी रंगाच्या इरकल साडीचे हिरवे काठ. ती साडी माझ्याकडे एकच आहे. स्वातीनं ती गणपतीत माझ्या अंगावर बघितली होती. सेंटरच्या उद्घाटनाचा फोटो होता तो. अभि स्वतःच्या नावानं मशीन उघडतो तेव्हाच तो फोटो येतो. पुसल्याशिवाय देऊ नका म्हणून मी ज्या डब्यांसाठी जन्मभर भांडले, त्यातल्या एका डब्यात माझा भाचा पेपर फोडत होता आणि मागं मी समई लावत उभी होते.

रंगराव "काय हाय, काय हाय" म्हणून विचारत राहिले. स्वातीनंच त्यांना सांगितलं. रंगराव उठले, आत जाऊन माझ्यासाठी पाणी घेऊन आले. माझ्या स्वयंपाकघरात त्यांनी कधी पाऊल टाकलं नव्हतं, ग्लास कुठं असतात हे त्यांना शोधावं लागलं.

मी म्हटलं, मला उद्यापर्यंत वेळ द्या. रंगराव लगेच निघाले. स्वाती दारात थांबली.

"काकू, भाचा तुमचा हाय. पण नाव माझं हाय." एवढं म्हणून ती जिना उतरून गेली.

मी अभिला बोलावलं. माझी खात्री होती की तो नाकारेल, ओरडेल, कुणीतरी माझं मशीन वापरलं म्हणेल. मी ते सगळं मानायला तयार होते, अगदी मनापासून तयार होते. त्यानं चित्र बघितलं आणि म्हणाला, "अगं, मी फाइल पुसली हुती. लॉग आउट केलं हुतं. ह्ये राहिलं कुठं?"

बस, एवढंच. त्याला फक्त याचंच आश्चर्य वाटलं होतं. मी त्याला सांगितलं की फाइल पुसली तरी डबा पुसला जात नाही. विद्यार्थ्याला शिकवावं तसं शिकवलं. त्या अवस्थेतही मी धंद्याचं बोलत होते, कारण दुसरं काय बोलावं ते सुचत नव्हतं.

"स्वातीच्या नोटिशीला केंद्रप्रमुख म्हणून सही तुझी आहे," मी म्हटलं.

"करावीच लागली. न्हाय केली असती तर सेंटरवर संशय आला असता."

"ती निर्दोष आहे हे तुला ठाऊक नव्हतं?"

"नक्की ठाऊक न्हवतं. आणि मावशी, एका पोरीचं काय एवढं? जाईल की दुसरीकडं कुठंतरी नोकरीला." मग तो माझ्या शेजारी येऊन बसला, लहानपणी सायकल मागायला बसायचा तसा. "तू फक्त एवढंच सांग की ह्यो जुना कचरा हाय, मशीनचा दोष हाय. खोटं न्हाय ते. चित्र जोडून दाखवू नको. पोरगी पण सुटती आणि मी पण सुटतो."

खोटं नव्हतंच ते. ह्यामुळंच मी सुन्न झाले. ज्या पोराला मी अक्षर शिकवलं त्यानं माझ्याच धंद्यातली फट बरोबर हेरली होती. घेणारा वरून भरणारच आहे, मग पुसायचं कशाला. सगळ्यांचं भागतंय ना, मग कशाला.

सकाळी अक्काचा फोन आला. ती माझ्यापेक्षा मोठी, आई गेल्यावर आईच. मला वाटलं रडेल. अभिनं तिला सगळं सांगितलेलं दिसत होतं. ती शांतपणे म्हणाली, "निर्मला, तुला पोर असतं तर गप्प राहा म्हणून तुला सांगायची पण गरज पडली नसती." आणि फोन ठेवला. इतकी वर्षं सगळ्या गावानं मला जे तोंडावर ऐकवलं नव्हतं ते माझ्या सख्ख्या बहिणीनं एका वाक्यात ऐकवलं. मला रडू आलं नाही, राग आला, आणि राग मला नेहमीच बरा पडतो.

चौकशीला मी स्वातीबरोबर गेले. साहेब बाहेरगावचे होते, वागायला सभ्य, कंटाळलेले. मी त्यांना डब्यांचं सगळं समजावून सांगितलं. चौकोन का पडतात, जिवंत खिडकी अशी का दिसत नाही, ड्रायव्हर कुठं चुकतो. त्यांनी लक्ष देऊन ऐकलं, मध्ये दोन चांगले प्रश्नही विचारले. इथपर्यंत मी अभिचंच ऐकलं होतं. लॅपटॉप पिशवीत होता.

मग ते म्हणाले, "मॅडम, हा उरलेला कचरा आहे हे मला पटतंय. पण हा कचरा हिचाच नाही कशावरून? परीक्षा चालू व्हायच्या क्षणी हिनं काही उघडून झटकन बंद केलं असेल, त्याचाच हा डबा उरला असेल. तुमच्याच म्हणण्याप्रमाणे तसं होऊ शकतं ना?"

होऊ शकत होतं. त्यांच्या जागी मी असते तर मीही हाच प्रश्न विचारला असता. आत काय आहे हे दाखवल्याशिवाय तो डबा कुणाचा हे सिद्ध होत नव्हतं. पोरगी पण सुटती आणि मी पण, हे अभिचं गणित चुकलं होतं. दोघांतला एकच सुटणार होता.

मी स्वातीकडे बघितलं. ती माझ्याकडे बघत नव्हती. समोरच्या भिंतीकडे बघत, ओढणीचं टोक मुठीत आवळून बसली होती. तिला सगळं ठाऊक होतं. तोंड उघडून एक नाव घेतलं असतं तर तीच सुटली असती, पण ते नाव तिनं माझ्यासाठी ठेवलं होतं. मला त्या पोरीसमोर बसवेना.

मी लॅपटॉप काढला आणि चित्र दाखवलं. घड्याळ दाखवलं, प्रश्न दाखवले. साहेब म्हणाले, "ही मागची साडी कुणाची?" मी म्हटलं, "माझी." साहेबांनी स्वतः उठून दार लावून घेतलं आणि मग मला सगळं पहिल्यापासून पुन्हा सांगायला लावलं. भाच्याचं नाव मला दोनदा घ्यावं लागलं.

पुढचं तुम्ही ओळखलंच असेल. सेंटरला सील लागलं. पोलिसांनी अभिला नेलं तेव्हा मी गेले नाही, मला जाववलं नाही. स्वातीवरचा आळ लेखी मागे घेतला गेला. त्या केंद्रावरच्या सगळ्यांची परीक्षा पुन्हा झाली, आणि ज्यांचे पेपर चांगले गेले होते त्यांनी स्वातीलाच शिव्या घातल्या. हिच्यामुळं झालं म्हणे. रंगरावांना तालमीपाशी गाठून दोघं-तिघं भांडले. ड्रायव्हर बनवणाऱ्यांना मी कळवलं. त्यांनी आभार मानले आणि दुरुस्ती केली, एका ओळीची. परक्याला देताना पुसून द्यावा.

स्वातीचं नाव यादीत आलं नाही, थोडक्यात गेलं. मला वाटलं होतं की निदान एवढं तरी नीट व्हावं. तीच मला समजवायला आली. "नापास झाले तर झाले की, काकू. नापासाला कुणी चोर म्हणत न्हाय." पुढच्या भरतीचा अर्ज तिनं माझ्याच टेबलावर बसून भरला.

गेल्या दिवाळीला आईचा डबा माझ्याकडे होता. पाठवावा की नाही याचा मी फार विचार केला नाही, कारण केला असता तर पाठवला नसता. चकल्या केल्या, अक्काला आवडतात तशा जरा तिखट, वर थोड्या करंज्या ठेवल्या. रंगराव म्हणाले, "शाहूपुरीत माझा रतीब हाय, अक्कांचं घर वाटेतच पडतं. देतो की." त्यांनी स्वतःहून न्यावा याचंच मला नवल वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुधाबरोबर त्यांनी डबा ओट्यावर ठेवला. "दिला काकू. त्यांनी आत नेला, आणि जरा वेळानं माघारी दिला. बोलल्या काय न्हाय." आतल्या चकल्या तिनं ठेवून घेतल्या की कुणाला वाटल्या ते त्यांना माहीत नव्हतं आणि मी विचारलं नाही.

रंगराव गेल्यावर मी कडी काढली. डबा रिकामा होता. घासलेला, धुतलेला, कोरड्या फडक्यानं पुसलेला. मी आतून बोट फिरवून बघितलं, तळाला, कडेच्या खाचेला, झाकणाच्या आतून. चकलीचा कण नाही, साखरेचा दाणा नाही, तेलाचा वाससुद्धा नाही. जन्मभर मी लोकांकडे अगदी असाच डबा मागत आले होते. तो अजून ओट्यावरच आहे, फळीवर ठेवायला हात होत नाही.